आधी जहाज, मग उत्पादन

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडाच्या रंगांच्या कारखान्यात मी निर्यातीचं काम बघत होते. आमचा माल चांगला, पण परदेशात तो वेळेवर पोचत नसे. उत्पादन, पॅकिंग, गाड्या, कागदपत्रं, प्रत्येकाचा साहेब मुंबईत वेगळा. कंटेनर दारात उभा आणि आम्ही कुणाच्या तरी होकाराची वाट बघत बसलेलो. तोवर न्हावा-शेव्याहून जहाज सुटलेलं असायचं.

शेवटी तुर्कस्तानातल्या आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं, माल उत्तम आहे, पण तुमच्या भरवशावर आमच्या गिरण्या चालत नाहीत. आता ही शेवटची संधी.

मालक स्वतः महाडला आले. मी त्यांना म्हणाले, "सर, आधी जहाजात जागा धरू. त्या तारखेवरून मागे येत उत्पादन ठरवू. आणि चारही कामांची माणसं इथे एका टेबलाशी बसू देत."

"जबाबदारी कोण घेणार?"

"मी. पण मग सहीही माझीच."

ते म्हणाले, "ठीक. सोमवारपासून."

पहिल्याच खेपेला परीक्षा. माल भरायची पिंपं चिपळूणकडून यायची होती. ट्रकचालक पोलादपूरचा. त्याचा फोन आला, "मॅडम, कशेडी घाटात दरड आलीय. गाडी अडकली. आज वाट सुटत नाय!"

पूर्वी इथंच सगळं थांबलं असतं. आता पॅकिंगवाले समोरच होते.

"शेजारच्या कारखान्यात अशीच पिंपं आहेत. उसनी मागू?"

"मागा, लगेच!"

उत्पादनप्रमुख उठलेच. "मी माणसं भरायला लावतो." कागदपत्रं बघणारी मुलगी पिंपांचे नवे नंबर टाकायला बसलीसुद्धा. मुंबईला कुणी फोन केलाच नाही.

संध्याकाळी मी कंटेनरच्या कागदांवर सही केली. दुसऱ्या दिवशी बंदरातून निरोप आला, "माल जहाजावर चढला." पॅकिंगच्या बायकांनी अशी आरोळी ठोकली की पहारेकरी धावत आला.

त्यानंतर आमचं एकही जहाज चुकलं नाही. ते तुर्की गृहस्थ पुढे कारखाना बघायला आले, सगळी मागणी आम्हालाच देऊन मोकळे झाले. आम्ही त्यांना रायगड दाखवायला नेलं. पायथ्याच्या हिरकणीवाडीत जेवताना टपरीवालीनं मला विचारलं, "पावणं कुठलं गो?"

"तुर्कस्तानचं! आमचं गिऱ्हाईक हाय, मावशी!" मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या टपरीतली माणसंही वळून बघायला लागली.