पाण्यातून वर गेलेले शब्द

एकाहत्तर साल असेल. मी हवाई सुंदरीच्या मुलाखतीत पास झाले आणि वेसाव्याच्या आमच्या घरात बोलणंच बंद झालं. बा होडीवर तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा. विमानांचं त्याला भय नव्हतं. ती दिवसभर आमच्या डोक्यावरून समुद्राकडे जात. त्याला धास्ती एकच, की पोर परदेशी गेली की तिकडचीच होईल. गल्लीतला एकजण आगबोटीवर नोकरीला गेला होता, तो तिकडेच राहिला. मला लवकर होकार कळवायचा होता आणि बा ढिम्म.

मी तोवर पार्ल्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात विमानातले शब्द पाठ करायला बसायची. तिथल्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं. पाठांतर राहिलं बाजूला, मी बघतच बसले. पायलट हा शब्द जुन्या ग्रीक भाषेतल्या सुकाणूच्या वल्ह्यावरून आलेला. नॅव्हिगेटरच्या पोटात लॅटिनमधलं जहाज, आणि ते आपल्या नावेचं सख्खं भावंड. रडर म्हणजे होडी वळवायचं वल्हं, तेच आता विमानाच्या शेपटीत. कॉकपिट तर मुळात कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा. तिथून तो शब्द जहाजात शिरला आणि जहाजातून आभाळात. माणूस एवढा उंच गेला, आणि जाताना किनाऱ्यावरचे शब्द बरोबर घेऊन गेला! शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी वेडीच वाटले असणार, इतकी पुटपुटत होते.

संध्याकाळी बा दारात जाळं सांधत होता. मी समोर बसून त्याला सगळं सांगितलं. सुकाणूचं ऐकल्यावर त्याची सुई थांबली.

"म्हंजे तो पायलट तांडेलच?"

"तांडेलच."

त्यानं वर पाहिलं. विमान नव्हतं, तरी पाहिलं. मग म्हणाला, "आन् नांगर? आमी मासलीसाठी नांगर टाकून दिसन् दिस भायेर राहतो. वर नांगर कुठं टाकतान?"

मला त्याचा होकार हवा होता. काहीतरी ठोकून देता आलं असतं, पण बापाशी कसलं खोटं बोलायचं.

"नांगर नसतो, बा. वर थांबताच येत नाय. उडत राहायचं, नायतर उतरायचं."

त्यानं जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली.

"मंग परत यावाच लागतं," तो म्हणाला. "जा, बाय."