डाग पुसण्याआधी

“आधी पाही ल्या, मंग पुसू.”

मोटारसायकल स्टँडवर लावली की नाना हे म्हणायचे आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकायचे. तुम्ही घाईत असलात तर संपलंच. ते उकिडवे बसायचे, इंजिनाला पालथा पंजा लावून बघायचे आणि “अजून तातं शे, घाई कसानी शे भाऊ?” असं विचारून रॉकेलच्या डब्यापासून चार हात लांब जाऊन बिडी पेटवायचे. इंजिन थंड होईपर्यंत तुम्हीही बसा.

ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. जळगावात एस.टी. स्टँडच्या मागे एक गॅरेज होतं. दुरुस्ती मालक स्वतः करायचे आणि इंजिनं धुवायचं काम नानांकडे. माणूस धुळ्याकडचा. पंधरा वर्षं जळगावात राहूनही बोलणं तिकडचंच. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. सगळ्यांचे ते नाना.

मी तेव्हा पाण्याचे पंप विकणाऱ्या एका दुकानाचा फिरता माणूस होतो. जळगाव, भुसावळ, यावल, पुन्हा जळगाव. उन्हाळ्यात दुपारी यावलहून परतताना अंगात इतकंही त्राण उरायचं नाही की घरी जाऊन पाणी मागावं. त्यात केळीवाले शेतकरी प्रेमळ. पंप घेवो न घेवो, एक घड माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर आडवा ठेवून देणारच. त्याचा चीक तापलेल्या इंजिनावर टपटप गळायचा आणि घरी पोचेपर्यंत जळून काळाकुट्ट व्हायचा. केळीचा चीक कपड्यावर पडला तर कपडा टाकून देता येतो. इंजिन कुठं टाकणार?

नाना त्याच्यावर रॉकेलचं ओलं फडकं तासभर बांधून ठेवायचे. मग बांबूच्या चिपेनं हळूहळू खरवडायचे. तारेच्या ब्रशाचं नाव काढलं की दुखावायचे, जणू तुम्ही त्यांच्या गालावरच तो फिरवणार आहात. शेवटी लिंबाच्या फोडीनं घासलं की इंजिन असं उजळायचं की त्यावर बसून पुन्हा यावलला जायची लाज वाटावी.

पण त्यांची खरी करामत पुसण्यात नव्हती, पाहण्यात होती. डाग चिकाचा, चिखलाचा की आतून झिरपणाऱ्या ऑइलचा, हे ते आधी ठरवायचे. ऑइलचा असला तर जिथून झिरपतंय त्या जागेभोवती खडूनं गोल काढायचे आणि मगच बाकीचं धुवायचे. मालक तो गोल बघून तेवढंच खोलायचे. गोल नसला तर इंजिन ठीक आहे असं समजायचं. गॅरेजची ही रीतच होती. त्या खडूवर मालकांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

एका दुपारी नानांनी गोल काढला तो डागापासून चांगला चार बोटं बाजूला. मी म्हणालो, “नाना, इकडं आहे ना?” त्यांनी गोल पुसला, दुसरा काढला, तोही चुकला. मग त्यांनी बोट डागावर टेकवून नाकाशी नेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अलीकडे ते सगळंच हुंगून बघतात. मला वाटायचं, म्हातारपणाची लहर असेल.

मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन करूनही त्यात उजेड परतला नव्हता, म्हणून दुसऱ्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते.

“मालकले सांगू नका, भाऊ,” ते हळूच म्हणाले. “आठे गॅरेजमा दुसरं काय काम शे माले?”

मी नाही सांगितलं. मला वाटलं, मी मोठा दयाळू आहे. खरं तर वाद घालायचा, समजवायचा, डॉक्टरकडे न्यायचा मला कंटाळा आला होता. दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार सोयीचं असतं.

पुढच्याच महिन्यात मी माझी गाडी धुवायला नेली. क्लचच्या झाकणाखाली काळा ओघळ होता. नानांनी हुंगलं, पण हात रॉकेलनं माखलेले, वास काय लागणार? “हाऊ केळीना चीक शे,” म्हणाले, आणि घासून लख्ख केलं. खडूचा गोल नव्हता, म्हणून मालकांनी गाडी बघितली नाही. दोन दिवसांनी यावलच्या अलीकडे इंजिन जाम झालं. भर दुपारी, बाभळीखाली, मी आणि ती चकचकीत गाडी.

टेम्पोतून ती गॅरेजला आणेपर्यंत मी माझं खोटं तयार केलं होतं.

मालकांनी इंजिन उघडून बघितलं. “भाऊ, ऑइलचा थेंब नाही आत. गेलं कुठं?”

“मीच घालायचं विसरलो,” मी म्हणालो. “फिरतीत राहून गेलं.”

मालक मान डोलवू लागले. प्रकरण मिटत होतं. तेवढ्यात नाना उठले. फडकं खांद्यावर टाकून ते गाडीपाशी उकिडवे बसले आणि क्लचच्या झाकणाखाली बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले.

“भाऊ, खोटं नका बोलू,” ते म्हणाले. मग मालकांकडे तोंड करून, “आठेच व्हतं. माले दिसनं नही. मनी चूक शे.”

नानांनी खिशातला खडू काढून मालकांच्या पेटीवर ठेवला आणि हात धुवायला गेले. त्या दिवशी मला माझीच फार लाज वाटली. अजूनही वाटते.

मालकांनी गॅरेजवर बसा म्हटलं, नुसते बसून राहा म्हटलं. नानांनी ऐकलं नाही. लेकीकडे शिरपूरला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी यावलहून परस्पर त्यांच्या खोलीवर गेलो आणि त्यांना त्याच दुरुस्त गाडीवरून स्टँडवर सोडलं. उतरल्यावर त्यांनी सवयीनं पालथा पंजा इंजिनाजवळ नेला आणि झळ लागताच मागं घेतला.

“डाग शे का काही?”

मी वाकून बघितलं. टाकीवरच्या घडाचा चीक गळला होता, अजून पूर्ण जळला नव्हता. नाही म्हणावंसं फार वाटलं.

“आहे, नाना.”

“कसाना शे?”

मी बोट लावलं, हुंगलं, पुन्हा नीट बघितलं. “केळीचा चीक. ऑइल नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

ते समाधानानं हसले. “मंग थंड होऊ द्या. लगेच नका पुसू.”

शिरपूरची गाडी लागली होती. कंडक्टरनं हात धरून त्यांना वर घेतलं. ती फाटकाबाहेर वळून दिसेनाशी झाली. घरी जायचं होतं, अंग मोडून आलं होतं. पण इंजिन अजून तापलेलं होतं, म्हणून मी फडकं खांद्यावर टाकून तिथंच उकिडवा बसलो.