पाठमोरी आत्याबाई

जगात सगळ्यात कमी घाई असलेला माणूस शोधायला कोणी निघालं असेल, तर त्याने उगाच वणवण करू नये, सरळ जर्मनीत येनाला यावं. तो माणूस माझा साडू आहे. थोरल्या मेहुणीचा नवरा. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, ते मला ‘धाकटे’ म्हणतात, आणि आमच्या बायका आम्हाला ‘हे दोघं’ म्हणून एका दावणीला बांधतात, जे मला अजिबात मान्य नाही. साडूभाऊ इथल्या एका कारखान्यात भिंगं तपासतात. आठवडाभर काचेतला बारीकसा ओरखडा शोधत बसायचं, तो सापडला नाही की खूश व्हायचं, आणि शनिवार उजाडला की तासभर गाडी हाकत एका उघड्या माळावर जाऊन रानटी घोड्यांकडे पाठ करून बसायचं. हो, पाठ! घोड्यांचे फोटो काढायला जातात आणि घोड्यांकडे पाठ करून बसतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताईंकडे, म्हणजे त्या थोरल्या मेहुणीकडे, बघितलं. ताई म्हणाल्या, “माझ्याकडे काय बघता? आमच्या वेळी नुसती पत्रिका बघत होते.”

पण त्या पाठीमागे कारण होतं. तो माळ पूर्वी लष्कराचा सरावाचा होता. रणगाडे गेले, सैनिक गेले, पण न फुटलेले गोळे जमिनीत राहिले ते राहिलेच. म्हणून माणसाने आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. वाटेपलीकडे लाल खुंट्या, आणि खुंट्यांवर ‘लेबेन्सगेफार’, म्हणजे जिवाला धोका, अशा पाट्या. गवत वाढू नये म्हणून तिथे करड्या रंगाचा घोड्यांचा एक कळप मोकळा सोडलेला आहे. त्यांना पाट्या वाचता येत नाहीत, ते कुठेही चरतात, आणि त्यांना आजवर काही झालं नाही हे त्या माळाचं आणि त्यांचं नशीब. तेव्हा तुम्ही घोड्यांकडे जाऊ शकत नाही, घोडे तुमच्याकडे यायला हवेत. आणि ते असले बिचकणारे, की लोक हातभर लांबीच्या लेन्सा रोखून उभे राहिले की सगळ्यांना मिळून फोटो मिळायचा तो शेपट्यांचा. साडूभाऊंचं म्हणणं साधं होतं. “अहो धाकटे, समोरून टक लावून बघतो तो शिकारी. पाठ करून आपलं काम करत बसतो तो शेजारी.” म्हणून ते एका बुटक्या स्टुलावर पाठ करून बसत. बाजूला बुटका ट्रायपॉड, त्यावर मागे तोंड केलेला कॅमेरा, एका हातात कॅमेऱ्याचं बटण आणि दुसऱ्या हातात ताईंच्या पर्समधला आरसा. तोही काजळी फासून काळा केलेला, मध्ये रुपयाएवढी जागा तेवढी चकचकीत, उगाच उन्हाची तिरीप घोड्यांच्या डोळ्यांत जायला नको. ताईंनी दुसरा आरसा घेतला. तोही गेला.

त्यात ते सतत बोलत. घोड्यांना अचानक आवाज चालत नाही, पण सतत चालणारा चालतो, म्हणून ते बसल्यापासून उठेपर्यंत एका सुरात, हळू आवाजात, मराठीतून आठवड्याची हकिगत सांगत. “सोमवारी साहेबाने मीटिंग लावली. मंगळवारी पुढे ढकलली. ताईला गुडघेदुखी आहे, पण डॉक्टरची वेळ पुढच्या महिन्यातली.” एवढं घरचं मला सांगत नाहीत, पण घोड्यांना सगळं ठाऊक! शुक्रवारी घरात हिंगाची फोडणी बंद, कारण कपड्यांना वास लागतो. साबण बंद. स्वेटर एकच, तपकिरी, कोपरावर उसवलेला, आणि तो तळघरात गवताच्या पेंढीवर ठेवलेला, म्हणजे माणसाचा आणि गवताचा वास एकजीव व्हावा. पावसाळी जॅकेट घ्यायला मला बरोबर नेलं, तर दुकानातल्या एकेका जॅकेटची बाही कानाशी धरून चोळत बसले. विकणारी मुलगी म्हणाली, हे वॉटरप्रूफ आहे. हे म्हणाले, “हो, हो, पण हे फार बोलतं.” शेवटी काहीच न घेता आम्ही बाहेर पडलो, आणि बाहेर धो धो पाऊस!

मला एकदाच बरोबर नेलं होतं. दिवाळीचे दिवस, खिशात बायकोने दिलेल्या चकल्या. मी एक दाताखाली धरली. एक! आख्खा कळप उधळला आणि डोंगराच्या उतारापलीकडे दिसेनासा झाला. त्या दिवसापासून साडूभाऊंबरोबर जाणाऱ्याला शिरा, दहीभात आणि पिकलेलं केळं एवढंच नेण्याची परवानगी आहे. मी आजही म्हणतो, की चकली मऊ असती तर मीच बायकोला बोललो असतो. चकलीने कुरकुरायचं नाही तर कोणी?

या सगळ्या तपश्चर्येची देवता म्हणजे कळपातली थोरली घोडी. अंगाने उंदरासारखी करडी, आयाळीपासून शेपटीपर्यंत पाठीवरून एक काळा पट्टा, आणि नजर अशी, की लग्नघरात जेवणात काय कमी आहे ते शोधत फिरणारी आत्या. साडूभाऊ तिला आत्याबाई म्हणत. तिने मान वर केली की कळप थांबायचा, ती निघाली की निघायचा. तिच्यासाठी ते दोन हिवाळे त्या स्टुलावर गारठले. त्यांना तिचा एकच फोटो हवा होता, समोरून, डोळ्यांत डोळे घालून, आणि न घाबरलेला. ती हळूहळू जवळ येऊ लागली होती. एका शनिवारी तिने मागून येऊन त्यांची कॉलर हुंगली. त्या दिवशी ते घरी येऊन जेवलेच नाहीत, नुसते कॉलर पकडून बसले होते. फोटो? नाही काढला. “पहिल्या भेटीत कोणी फोटो काढतं का?” म्हणे.

आणि मग त्या शरदात माळावरच्या रेंजरबाईचा फोन आला. उंच, सडपातळ, कामापुरतं बोलणारी बाई. आत्याबाईच्या मागच्या डाव्या पायात लष्कराच्या काळातली गंजकी काटेरी तार अडकली होती. ती लंगडत होती. जनावरांचा डॉक्टर जीप घेऊन गेला तर कळप बिथरून थेट लाल खुंट्यांच्या आत शिरला, जिथे कोणालाच जाता येत नाही. आता माणसाची चाहूल लागली की पळतात, आणि प्रत्येक धावेबरोबर तार आत रुतते. डॉक्टरचं म्हणणं असं, की तार कुठपर्यंत गेली आहे ते दिसल्याशिवाय काही सांगता येत नाही. फक्त मांसात असेल तर भुलीचं इंजेक्शन बंदुकीने मारून ती काढता येईल. शीर तुटून तार हाडाला लागली असेल, तर तिला तसंच मरू देण्यापेक्षा गोळी घातलेली बरी. पण बघण्यासाठी ती वाटेजवळ यायला हवी. ती फक्त एका माणसाजवळ येते.

साडूभाऊंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. मी तिथेच होतो. मग म्हणाले, “ती माझ्या भरवशावर येणार, आणि मागे बंदूक घेऊन माणूस बसणार. म्हणजे मी कोण झालो?” ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “अहो, आधी ती जगू दे. मग रुसली तर रुसू दे.” एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. पण आत गेल्यावर भांड्यांचा आवाज आला नाही, म्हणजे त्याही तिथेच उभ्या होत्या.

बेत असा ठरला. वाटेच्या कडेला एक सिमेंटची जुनी चौकी आहे, छप्पर नसलेली. तिच्यासमोर साडूभाऊ नेहमीसारखे बसणार. चौकीत डॉक्टर आणि रेंजरबाई, आणि मी! मी कशाला? तर साडूभाऊ आरशात जे दिसेल ते नेहमीच्या सुरात मराठीतून बोलणार, कारण जर्मन ऐकलं तर आत्याबाईला शंका येईल, आणि मी ते डॉक्टरच्या कानात जर्मनमधून सांगणार. कॅमेऱ्याचं चित्र आमच्याजवळच्या टॅबलेटवर येणार. ते बघून डॉक्टरने ठरवायचं. त्याच्याकडे भुलीची बंदूक होती. रेंजरबाईच्या खांद्यावर दुसरी होती, खरी. आणि नेम धरायची वेळ झाली ही खूण काय? साडूभाऊ म्हणाले, “मी बोलायचा थांबेन.” त्या माळावर ते कधी थांबले नव्हते.

सकाळपासून बसलो. चौकीत गारठा असा की दात वाजायला लागले, आणि चकलीच्या इतिहासामुळे मी तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. बाहेरून साडूभाऊंचा आवाज अखंड येत होता. साहेब, मीटिंग, ताईचे गुडघे. मग त्याच सुरात, “आला गं बाई कळप. उतारावर थांबलाय. ती मागे आहे. पाय टेकवत नाही.” मी कुजबुजलो. डॉक्टरने मान हलवली. कळप थांबला तो थांबलाच. शिंगरं पुढे येत, मागे जात. एकदा वाऱ्याने दिशा बदलली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. पण तो आवाज चालूच होता, “बुधवारी मी भात लावायला विसरलो, आत्याबाई. ताई काही बोलली नाही, तेच वाईट.” आणि ती निघाली. तीन पायांवर, थांबत थांबत, सगळ्या कळपाला मागे ठेवून ती एकटी निघाली. दुखण्यात माणूस ओळखीच्या दाराशी जातो तशी.

ती कॅमेऱ्यासमोर आली आणि थांबली. साडूभाऊंचा अंगठा बटणावर हलला. टॅबलेटवर चित्र आलं, आणि पहिलं चित्र पायाचं नव्हतंच. आत्याबाई समोरून, डोळ्यांत डोळे घालून, न घाबरलेली. मग ती वळली आणि पाय दिसला. सुजलेला, काळा. डॉक्टरने ते मोठं करून पाहिलं. रेंजरबाईने खांद्यावरची बंदूक हातात घेतली. मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू. “आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, डॉक्टर पुटपुटला, “शीर शाबूत आहे. वाचेल.” आणि त्याने नेम धरला.

आता फक्त गप्प बसायचं होतं. पण साडूभाऊ गप्प बसेनात. ती त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती, तिच्या श्वासाची वाफ त्यांच्या मानेवरून जाताना मला दिसत होती, आणि हे बोलतच होते. गुरुवार सांगून झाला, शुक्रवार झाला, हवा झाली. “येट्स्ट?” डॉक्टरने ओठ हलवले. आता? मी मान हलवली, नाही. मागे कळप अस्वस्थ व्हायला लागला, एक घोडा फुरफुरला, आत्याबाईचे कान उभे झाले. मनात म्हटलं, अहो थांबा हो, हात जोडतो! तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. “आता माझ्याजवळ सांगायला काही उरलं नाही, आत्याबाई. आता मी गप्प बसणार आहे. राग धरू नकोस.”

आणि ते थांबले. तेवढ्या शांततेतही ती एक क्षण त्यांच्याकडेच बघत राहिली. फट्कन आवाज झाला. ती उसळली, स्टूल, ट्रायपॉड, साडूभाऊ सगळे आडवे, आणि ती लाल खुंट्यांच्या दिशेने सुटली. आत जाऊन पडली असती तर सगळं फुकट, तिच्याजवळ कोणी जाऊ शकलं नसतं. आम्ही तिघं वाटेवर उभे, आणि खुंट्यांच्या पुढे एक पाऊल टाकायची सोय नाही. खुंट्यांपाशी ती अडखळली. झुलली. आणि अलीकडे, अलीकडेच बसली! रेंजरबाई, जी कधी हसली नव्हती, तिने माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की रुमाल बाहेर पडला.

तिच्या डोळ्यांवर टाकायला कापड हवं होतं. घाईत कोणाला काही सापडेना, तेव्हा साडूभाऊंनी अंगातला तपकिरी स्वेटर काढून दिला. डॉक्टर तार कापून काढत होता आणि हे उघड्यावर सदऱ्यात कुडकुडत तिच्या डोक्याशी बसले होते. काम झाल्यावर स्वेटर डोळ्यांवरून काढला. तिने डोळा उघडला. त्या डोळ्यासमोर पहिला माणूस कोण, तर हे. नाकात वास कोणाचा, तर यांचा. डॉक्टरला ती आजही ओळखत नाही.

आत्याबाई बरी झाली. लंगडणं गेलं, कळप पुन्हा माळभर हिंडू लागला. साडूभाऊही शनिवारी जातातच. पण ते स्टुलावर बसायच्या आत तिची मान वर होते, आणि ती आख्खा कळप घेऊन चालती होते. यांनी काय काय केलं म्हणून सांगू! स्वेटर धुतला, नवा घेतला, साबण सुरू केला, हिंगसुद्धा परत आणला. काही उपयोग नाही.

त्यांच्या हॉलमध्ये आता एक मोठा फोटो लागला आहे. गवत, आभाळ, आणि मध्ये पळत सुटलेल्या घोडीची पाठ, तो काळा पट्टा. असला फोटो तिथे उभा राहणारा कोणीही काढतो. मला राहवलं नाही. म्हटलं, “साडूभाऊ, दोन वर्षं ज्याच्यासाठी बसलात तो समोरचा फोटो आहे ना तुमच्याकडे? तो लावा की!”

ते चहाचा कप हातात घेऊन त्या फोटोसमोर उभे होते. “तो कसा लावू, धाकटे? त्यात ती माझ्यावर विश्वास ठेवून बघतेय.” मग बोट पुढे करून काचेवर टेकवलं. “हा बघा, मागचा डावा. कसा लांब टाकलाय! इतर वेळी चरताना अजून जरा जपून टाकते. पण मला बघून पळते ना, तेव्हा अगदी पूर्वीसारखा टाकते.”

दर शनिवारी हा माणूस तासभर गाडी हाकत, थंडीवाऱ्यात, तेवढंच बघायला जातो. पुढच्या शनिवारी मी स्वतःहून म्हटलं, मीही येतो. ताईंनी दोघांसाठी शिऱ्याचा डबा भरून दिला.