आल्विनमामाने बुजवलेली विहीर

आमच्या ओहायोच्या डोंगरात सपाट जागा दिसली की समजावं, इथे कधीतरी तेलाची विहीर होती. जुन्या लोकांनी यंत्र उभं करायला टेकडी कापलेली असते. माझा आल्विनमामा तरुणपणी अशा आटलेल्या विहिरी बुजवायचा. देवदाराचं खोड तासून आत ठोकायचं, वर दगड, त्यावर माती. कागदावर नोंद कुठेच नाही, सगळ्या त्याच्या डोक्यात. माझे वडील गेल्यावर त्याने बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, स्वतःच्या जमिनीवर घर बांधून दिलं. एकट्याने, एका उन्हाळ्यात. अर्थातच सपाट जागा बघून.

माणूस मायाळू, पण एकदा डोक्यात राख घातली की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. गॅस कंपनी आली तेव्हा जमिनीखालचा गॅस काढू द्यायच्या करारावर शेजाऱ्यांनी भराभर सह्या केल्या. यंत्र उभं राहिलं दोन मैलांवर, स्टटलरच्या शेतात. पण तिथलं भोक दीड मैल खाली जाऊन आडवं वळणार होतं आणि पुढे तीन मैल सगळ्यांच्या जमिनींखालून जाणार होतं. मामाने सही केली नाही. बाकी बहुतेकांनी केली म्हणून सरकारने त्याची जमीनही त्यात ओढली. हे त्याला फार लागलं.

मग कंपनीची एक मुलगी नकाशा घेऊन आली. मी आणि मामा पायरीवर बसलो होतो.

"काका, खडक फोडायला आम्ही दाबाने पाणी सोडणार. जुनी विहीर असेल तर गॅस तिच्यातून वर येतो. तुमच्याकडे आहे का एखादी? आम्ही सिमेंटने भरून देऊ, फुकट."

"न विचारता खालून शिरता ना? मग शोधा की तुम्हीच."

"तुमच्याच जिवासाठी विचारतेय हो."

"एकही नाही म्हटलं ना! चला, निघा."

ती गेल्यावर मामा खुशीत म्हणाला, "जिरवली की नाही?" मीही हसलो. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

कंपनीने खाली पाणी सोडायला सुरुवात केली आणि ऑक्टोबरात एका सकाळी आईने कॉफीसाठी शेगडी पेटवली आणि घर उडालं. जमिनीतून येणाऱ्या गॅसला वासही नसतो. आईला इस्पितळात नेल्यावर मी तिथे गेलो तर मामा राखेत गुडघ्यांवर बसलेला. तळघराच्या फरशीतून अजून ज्योत येत होती.

"इथे होती एक," तो म्हणाला. "मीच बुजवलेली. पन्नास वर्षं खोड हललं नव्हतं रे. मला वाटलं, आता काय हलतंय..."

मी त्याची कॉलर धरली. ऐंशीच्या म्हाताऱ्याची. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही इस्पितळात गेलो. पट्ट्यांतून आईचे फक्त डोळे आणि ओठ दिसत होते.

"आल्विन, माझ्याकडूनच रात्री शेगडीचं बटण चालू राहिलं असणार," ती म्हणाली. "तू इतक्या कष्टाने बांधलेलं घर. माफ कर रे मला."

मी मामाकडे बघत राहिलो. आता बोलेल, मग बोलेल.

"असू दे, व्हेल्मा," तो म्हणाला. "वय झालं की होतं असं."

मीही मूग गिळून उभा राहिलो. आई आणखी दोन दिवस जगली. खोलीत येणाऱ्या प्रत्येक नर्सला ती सांगायची की माझ्या विसरभोळेपणाने भावाची मेहनत जळली, आणि तरी तो मला एक शब्द बोलला नाही.