तेहतिसावी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या मूळव्याधीपासून सगळं ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या तोंडावर काही बोलणार नाही, म्हणून असेल.

मी नागपुरात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा विषय पाणी — म्हणजे कॉम्प्युटरमधलं पाणी, ज्यानं कुणाची तहान भागत नाही. बहुतेक वस्तू थंड केल्या की आकसतात. पाणीही आकसतं, पण गोठायच्या जरा आधी त्याचं डोकं फिरतं आणि ते फुगायला लागतं. असं का? हे समजून घ्यायला आम्ही रांगोळीसारखे ठिपके मांडतो. काही ठिपक्यांवर पाण्याचा रेणू, काही रिकामे. थंडी वाढली की रेणू शेजाऱ्यांचे हात धरतात, त्यांची जाळी होते, मधे मोकळ्या जागा राहतात — पाणी फुगतं. मग घनतेच्या आलेखावर एक उंचवटा दिसतो. तो दिसला तर मॉडेल जमलं.

प्रांजलीला तो उंचवटा मिळत नव्हता.

प्रांजली माझी पीएचडीची विद्यार्थिनी. खापरखेड्याच्या कॉलनीतली, वडील वीज केंद्रात कामाला. डबासुद्धा कॉम्प्युटरसमोर बसून खायची. प्रोग्राम मी दिलेला — बत्तीस ओळी, प्रत्येक ओळीत बत्तीस ठिपके. बत्तीसच का? माझ्या गाइडनं बत्तीस घेतले होते म्हणून. सोळा, बत्तीस, चौसष्ट — कॉम्प्युटरला सोयीचे म्हणून आमच्यात असेच आकडे चालत आलेत. विचार कोण करतो?

"सर, कितीही हळू थंड केलं तरी जाळी कुठंतरी फाटूनच राहिली," ती म्हणायची. मी म्हणायचो, घाई करतेस तू. घाईनं थंड केलं तर जाळी फाटते हे खरंच आहे, त्यामुळे मला दुसरी शंकाच आली नाही. तिनं आणखी हळू थंड केलं. आणखी महिने गेले. शेवटी आढावा बैठकीत, सगळ्या प्राध्यापकांसमोर मी म्हणालो की हिच्यात धीर नाही, आणि काटेकोरपणा तर मुळीच नाही. ती खाली मान घालून ऐकत होती. त्यानंतर तिनं येणं बंद केलं.

इथपर्यंत निदान चूक म्हणता येईल. पुढचं ऐका.

काही आठवड्यांनी मी स्वतः तो प्रोग्राम चालवला — तिची चूक शोधून काढावी म्हणून, खोटं कशाला बोलू? पडद्यावर जाळी पाहत होतो. दोन ठिपके भरलेले, एक रिकामा. दोन भरलेले, एक रिकामा. तिनातिनाची वीण. आणि आमच्या मांडणीत ओळीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडलेलं असतं, बांगडीसारखं. मग बत्तिसात तीन-तीनचे गट पुरे बसतात का? शाळेतलं पोर सांगेल. ती जन्मभर थंड करत बसली असती तरी जाळी जुळणार नव्हती. मी बत्तीसचे तेहतीस केले.

उंचवटा आला. सुंदर, गोल, अगदी पुस्तकातल्यासारखा.

तिचं रजिस्ट्रेशन अजून रद्द झालं नव्हतं. एक फोन — 'चूक माझी होती, उद्यापासून ये' — एवढाच फोन करायचा होता. मी केला नाही. आज करू, उद्या करू असंही झालं नाही. मी करणारच नव्हतो. ज्यांच्यासमोर तिला बोललो त्यांच्यासमोर मला खाली मान घालायची नव्हती.

मग तिचे वडील भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले. "पोरगी म्हणते माह्याच्यानं होत नाही. तुमाले काय वाटते सर? परत पाठवू काय तिले?"

उंचवटा तेव्हा माझ्या पडद्यावर उघडा होता. मी म्हणालो, "राहू द्या. सगळ्यांनाच जमतं असं नाही." ते उठले, माझा वेळ घेतला म्हणून माफी मागून गेले.

पुढे मी पेपर लिहिला, एकट्याच्या नावानं. त्यात जाणकाराच्या थाटात एक वाक्यही घातलं, की ओळीतल्या ठिपक्यांच्या संख्येला तिनानं भाग जायलाच हवा. तिला ते वाचायला मिळालं असेल का? नसावं. ती प्रताप नगरात कोचिंग क्लासमध्ये नीटवाल्या मुलांना शिकवते. कुठली चूक कुणाची, हे तिला कधी कळणार नाही. मी फार नीच माणूस आहे, हे मला कळतं, आणि त्यानं काडीचाही फरक पडत नाही.

परवा ती रस्त्यात भेटली. तिची धाकटी बहीण यंदा आमच्याच विभागात एमएस्सीला आहे, माझ्या वर्गात. तिला रिसर्च करायचाय म्हणे.

"सर, तुम्हीच सांगा," प्रांजली म्हणाली, "तिच्यात आहे काय ते? माह्यात तं नव्हतंच."

मी तिच्याकडे पाहिलं. सांगता आलं असतं. तिथंच, भर रस्त्यात.

"तिच्यात आहे," मी म्हणालो.

ती इतकी खूश झाली की पर्स खांद्यावर सरकवून वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.