धोंडीरामचा रकाना

म्हातारपणी दात पडतात, ऑफिसातले किस्से मात्र साठतच जातात. लोक म्हणतात, "आबा, हसवणारे सांगा." सगळेच हसवणारे नव्हते, त्याला मी काय करू?

मी चौथी पास. सांगलीला विश्रामबागेत आमचं नदीचं ऑफिस होतं, तिथं शिपाई. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कॉम्प्युटर आला. त्यात एक प्रोग्राम. शीटमध्ये पाण्याचे आकडे भरले, की तो आतल्या आत नदी वाहवून दाखवायचा. खरी नदी सायकलवर वीस मिनिटं. तिकडं कुणी फिरकत नव्हतं!

दर गावाला एक रकाना. पाटणकडचे आकडे धोंडीराम पाठवायचा. रोज सकाळी आठला नदीतल्या पट्टीवर पाणी बघायचं, वहीत लिहायचं. वीस वर्षं हेच. आता साहेब प्रोग्राम चालवून ठरवणार होते, पाणी मोजायचं कुठलं ठाणं ठेवायचं, कुठलं बंद करायचं. म्हणजे धोंडीरामची भाकरी त्या रकान्यावर.

*

आकडे भरायला शैला मॅडम. नवीन पोरगी, पण कामाला वाघ. कुणीतरी तिला शिकवलं, दोन आकडे निवडून कोपरा खाली ओढला की पुढचे आपोआप भरतात. भरले ना! चारनंतर पाच, पाचनंतर सहा. महिनाअखेरीला पाणी चौतीस मीटर! प्रोग्रामनं अख्खी सांगली बुडवली.

साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यावर धुरळा उडत होता.

"आबा, चहा सांगा," एवढंच बोलले.

*

मग साहेबांनी शीटला कुलूप घातलं. नऊच्या वरचा आकडा आला की मशीन घेईना. पुढं पावसाळ्यात धोंडीरामनं काठावर चढलेल्या छातीएवढ्या पाण्यात उभं राहून आकडा घेतला, नऊ पॉइंट चार मीटर. मशीन म्हणालं, चूक!

साहेबांनी पत्र धाडलं, 'आकडा तपासून कळवा.'

उलट टपाली उत्तर, 'आकडा बराबर हाय. चूक आसंल तर नदीला कळवा.'

लय हसलो. साहेब नाही हसले.

*

ठरवायचा दिवस आला. साहेब एकेक ठाणं वगळून नदी वाहवून बघत होते. धोंडीरामचा रकाना वगळला, तरी सांगलीत पाणी होतं तेवढंच. तिळाएवढाही फरक नाही!

"बघा, ह्याची गरजच नाही," साहेब म्हणाले. कागद टाईप झाला, सही झाली, वर गेला.

चार दिवसांनी शैला मॅडम माझ्याकडं आली. तोंड उतरलेलं.

"आबा, साहेबांनी तो रकाना काढलाच नव्हता. नुसता पडद्यावरून झाकला होता. झाकला तरी प्रोग्राम त्यातले आकडे घेतोच की!"

"म्हंजी?"

"म्हणजे धोंडीरामांच्याच आकड्यांवर ठरलं, की धोंडीराम नकोत."

मी तिला ओढत साहेबांपुढं नेलं. त्यांनी ऐकलं. चष्मा पुसला. "ऑर्डर निघालीय," म्हणाले. शिव्या माझ्या तोंडात आल्या, आणि मी त्या गिळल्या. त्याची लाज आजही वाटते.

*

ऑर्डर द्यायला मलाच एस्टीनं पाठवलं. धोंडीरामनं दोनदा वाचली.

"आबा, उद्यापास्नं नदी बघायची न्हाई व्हय?"

"बघ की. लिहू नको."

त्याची बायको हिराबाई चहा घेऊन आली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. म्हणाली, "आवं, मग सकाळी आठला ह्यांनी करायचं काय?"

मी चहा पिऊन उठलो. दुसरं काय करणार?

*

पुढच्याच सोमवारी ऑफिसात पोस्टकार्ड आलं. सात तारखा, सात आकडे. खाली धोंडीरामची सही. मग दर सोमवारी यायला लागलं. साहेब म्हणाले, फेकून द्या. शैला मॅडमनं वेगळी शीट उघडली, प्रोग्रामला न जोडलेली, आणि ती मुकाट्यानं आकडे भरायला लागली. दीड वर्षं एक सोमवार चुकला नाही.

मग एक कार्ड आलं. पहिले चार आकडे नेहमीच्या अक्षरात. पुढचे तीन वाकडेतिकडे, पाटीवर पहिल्यांदा गिरवावेत तसे. खाली सहीच्या जागी अंगठा, बारीक, बाईमाणसाचा.

मॅडमनं कार्ड माझ्यापुढं धरलं. "आबा, हे..."

"आकडे भरा, मॅडम," मी म्हटलं.