बिवळ्याचं रक्त

काल दारातल्या बिवळ्याची फांदी छाटली आणि ओल्या लाकडाच्या वासाने मला सासऱ्यांचा तो जुना दिवस आठवला.

लग्नानंतरचा पहिलाच महिना होता. मी उल्हासनगरची, मला झाडांतलं काय कळणार? याच झाडावरून सासरे कोयता घेऊन उतरले, ते कोपरापर्यंत लालभडक. मी नव्या साडीचा पदर टरकन फाडून त्यांचा हात करकचून बांधला. सासूबाईंनी तो सोडून हातावर तांब्याभर पाणी ओतलं. अंगठ्यावर बारीकशी चीर निघाली. तिच्यावर त्यांनी दगडीपाला चुरून दाबला.

"पोरी, रगत एवढंच माझं," सासरे हसले, "बाकी झाडाचा चीक." मग त्यांनी शेणाने झाडाची जखम लिंपली.

काल शेण मीच लिंपलं. तरी लाल थेंब गळतच राहिले, आणि माझा हात पुन्हा पदराकडे गेला.